उजव्या कानातला गडी

गेल्या दिवाळीपासून माझ्या उजव्या कानात एक गडी हुतूतू म्हणतोय आणि त्याचा दम अजून तुटलेला नाही.

आधी मला वाटलं, गिरणीचा पट्टा असेल. माझी पिठाची गिरणी आहे. सगळा जन्म त्या घरघरीत गेला, तेव्हा कानात काही वाजलं की मी आधी पट्ट्यालाच शिव्या घालतो. पण पट्टा बंद केला, दार ओढलं, जेवून आडवा झालो, तरी आपलं चालूच. तूतूतूतूतू. बारीक, एकसारखं, मध्ये श्वासाची जागाच नाही. मी हेमलताला, म्हणजे बायकोला, म्हटलं, "बघ गं, कुणीतरी खेळतंय." तिने कानाला कान लावला आणि म्हणाली, "खेळतंय खरं. पण तुमच्यात कसं काय? तुम्ही तर कधी मैदानात पाय टाकला नाहीत."

नुसती तूतू असती तर मी चालवून घेतलं असतं. पण मध्येच कानाला दडे बसायचे, डोकं जड व्हायचं, कुणी ताटात चमचा आपटला तरी जीव नकोसा व्हायचा. आणि मग गरगरायचं. एकदा ज्वारी दळता दळता असा झोकांडलो की पट्ट्यावरच जाणार होतो. हेमलताने मागून सदरा धरला, म्हणून हे सांगायला शिल्लक आहे. त्याच पावली तिने गिरणीची किल्ली पदराला बांधली. "आतल्या खेळाचा निकाल लागेपर्यंत गिरणी बंद," म्हणाली. आता मला सांगा, गिरणीशिवाय मी दिवसभर करायचं काय? ओट्यावर बसून लोकांच्या तोंडाकडे बघत राहायचो. फार वाईट वाटायचं.

तालुक्याला कानाच्या डॉक्टर इनामदार बाई आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बॅटरी मारून आत पाहिलं, मग नळी कानाला लावून बराच वेळ ऐकलं.

"खराडे, पडदा उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "आत चढाई चालू आहे."

"कुणाची?"

"ते मी कसं सांगणार? मी डॉक्टर आहे, पंच नाही. एक गोळी आहे, तिने त्याचा दम तुटेल. पण ते नियमात बसतं का, एवढं विचारून या. मागे एका पेशंटला न विचारता दिली, तर दोन्ही संघ अजून माझ्या दवाखान्यात भांडायला येतात."

आमच्या गावात नियम विचारायचे म्हणजे शेडगे सरांना. शाळेत खेळाचे मास्तर होते, पंचक्रोशीतल्या सगळ्या मैदानांवर पंच म्हणून उभे राहिलेत. निवृत्त झाले तरी भाजी आणायला निघाले की गळ्यात शिट्टी असतेच. सर घरी आले. चपला बाहेर काढल्या, पाय धुतले आणि मगच माझ्या कानाला कान लावला.

"हुतूतू म्हणतोय," ते म्हणाले. "कबड्डी म्हणाला असता तर तीस सेकंदांत बाहेर काढला असता. हुतूतूला वेळेचं बंधन नाही. दम आहे तोवर चढाई. आणि गडी आपल्या गावचा आहे बरं का. आपलीच पोरं अशी तोडून तोडून म्हणतात."

माझी छाती जरा फुगली. सरांनी हात वर करून मला गप्प केलं.

"त्याच्याभोवती साखळी धरलेली माणसं आहेत. ती पुढे सरकली की तुम्हाला दडे बसतात, गोल फिरली की गरगरतं. डावीकडे आपले गडी वाट बघत उभे आहेत, आणि उजवी बाजू आहे," सरांनी पुन्हा कान लावला, "हिंगणवाडीची."

हेमलता चहाचे कप घेऊन येत होती, ती तिथेच थांबली. हिंगणवाडी तिचं माहेर.

"अगबाई! आमची माणसं यांच्या डोक्यात?"

"ती लग्नापासूनच आहेत," मी म्हटलं.

गोळीचं विचारलं तर सरांनी कानावर हात ठेवले. औषधाने दम तुटला तर गडी बाद धरत नाहीत, डावच रद्द होतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू. म्हणजे पुन्हा दिवाळी ते आतापर्यंत! गोळी तिथेच राहिली. उरले दोनच रस्ते: एक तर गड्याला धरायचं, नाही तर त्याने सुटून घरी यायचं. कसंही झालं तरी मला गिरणीची किल्ली मिळणार होती. पण खरं सांगतो, तो धरला जावा असं मला एकदाही वाटलं नाही. एवढा दम मी कुणाचा पाहिलेला नाही.

हेमलताचं मात्र वेगळंच. भाजी निवडताना, धुणं वाळत घालताना ती येता-जाता माझ्या उजव्या कानाशी वाकायची आणि ओरडायची, "गुडघा धरा त्याचा! अरे, जेवला नाहीत काय?" मी सरांकडे तक्रार केली. सर म्हणाले, प्रेक्षकांना ओरडायची मुभा आहे. मग मी तिच्याशी अबोला धरला, पण तोही धड जमेना, कारण चहा तिच्याच हातचा लागतो.

असे बरेच दिवस गेले. सर रोज येऊन ऐकायचे आणि रोज त्यांच्या कपाळाला आठी पडायची. एका सकाळी म्हणाले, "काहीतरी चुकतंय. मघाशी साखळी तुटली होती, वाट मोकळी होती, तरी हा पठ्ठ्या परत फिरला नाही. तिथेच घुटमळला." मग माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले.

"खराडे, मधली रेघ कुठाय?"

"कसली रेघ, सर?"

"अहो, मैदानाची! गडी परत यायचा तो कशाला हात लावायला?" सर भयंकर तापले. "आपल्या गावाची ही खोड जन्मात जायची नाही. आधी नारळ फोडायचा, पोरं उतरवायची, आरडाओरडा करायचा, आणि फक्की कुणी आणली नाही हे अर्ध्या खेळात आठवायचं!"

यात खोटं काहीच नव्हतं. गावच्या प्रत्येक सामन्याला हेच होतं.

सरांनी शाळेतून फक्की मागवली, ती मैदानावर ओढतात ना, ती पांढरी पूड. पाण्यात कालवली, मला पाटावर ताठ बसवलं आणि कपाळाच्या मधोमध सुरुवात करून नाकावरून थेट हनुवटीपर्यंत सरळ रेघ ओढली. मग मागे सरले आणि शिट्टी मारली.

बाप रे बाप! डोक्यात जे काही उसळलं! गडी वळला तसा सगळ्यांनी मिळून त्याच्यावर झडप घातली. कान बंद झाला. घर फिरायला लागलं, पाट फिरायला लागला, मी दोन्ही हातांनी जमीन धरली. हेमलता उजव्या कानाशी नाचत होती, "धरला! धरला! सोडू नका!" तूतू एकदम बारीक झाली, इतकी की मला वाटलं, संपलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कुणासाठी आलं ते विचारू नका. मी म्हटलं, "हेमलता, मला धर, मी पडतोय."

तिने मला पोटाशी धरलं. पदराने माझे डोळे टिपले. मग त्याच कानात, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अरे सोडा त्याला, मेल्यांनो! पळ रे बाळा! रेघ आलीच, हात लाव! हात लाव!"

नाकाच्या शेंड्यावर टिचकी बसल्यासारखं झालं. शेडगे सरांनी लांब शिट्टी मारली आणि हात वर केला. धरणारे सगळेच्या सगळे बाद. हिंगणवाडीवर लोण.

आणि सगळं शांत झालं. मागच्या दारी नळ ठिबकत होता, तो ऐकू आला. हेमलताचा श्वास ऐकू आला. हेच तर हवं होतं मला, पण काय सांगू, पोरगं गावाला गेल्यावर घर जसं भकास वाटतं तसं वाटलं. "गेला गं," मी म्हटलं. ती म्हणाली, "गेला कुठे? घरी आला." आणि पदराची गाठ सोडून तिने किल्ली माझ्या हातात ठेवली.

सर चपला घालत म्हणाले, "आता त्यांची चढाई. लोण झाला की सगळे पुन्हा जिवंत होतात. रेघ तेवढी पुसू देऊ नका." ते फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच माझ्या डाव्या कानात नवा आवाज लागला. जरा लांबवून म्हणणारा. हेमलताने कान लावला आणि तिचा चेहरा खुलला. "आमच्या खालच्या आळीचा आहे हा. ऐका तरी, काय गोड म्हणतोय."

तेव्हापासून खेळ रीतसर चालू आहे. कधी या कानात, कधी त्या कानात. गडी येतात, रेघेला हात लावून जातात, मध्ये मला डुलकीही लागते. अधूनमधून गरगरतं, मग मी पट्ट्यापासून लांब, ज्वारीच्या पोत्यावर बसतो. हेमलता रोज सकाळी स्वतःला कुंकू लावते आणि मला रेघ ओढते. दळण आणणारे काही विचारत नाहीत.

काल दुपारी हिंगणवाडीच्या एका कोवळ्या पोराला आमच्या लोकांनी डाव्या कानात पक्कं घेरलं. त्याची तूतू थरथरायला लागली. हेमलता माहेरी गेली होती, त्याच्या बाजूने ओरडायला कुणीच नव्हतं. मी गिरणी बंद केली, दळण घेऊन आलेल्या बायकांना थांबा म्हटलं, आणि डाव्या कानावर हात धरून जिवाच्या आकांताने ओरडलो, "पळ रे बाळा, हात लाव!"