‘झालं का’चं बटण

पावडर कोटिंगच्या भट्टीवर नागसेनने आपला प्रोग्राम सुरू केला, बर्नर पेटला, काटा हलला आणि सगळं

बंद पडलं.

पावडर कोटिंगच्या भट्टीवर नागसेनने आपला प्रोग्राम पुन्हा सुरू केला, बर्नर पेटला, काटा मघापेक्षा बराच वर चढला आणि सगळं

बंद पडलं.

दुपारी चिंचवडहून मोठे साहेब चाकणला येणार होते. त्यांच्यासमोर भट्टी नीट तापली तर नागसेनची नोकरी पक्की होणार होती. न तापली तर काय, हे साहेबांनी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

“सोपानराव, कशाला हात लावला का तुम्ही?”

“न्हाई राव. म्या काय बी केलं न्हाई. निस्तं इचारलं.”

सोपानराव भट्टीवरचे जुने ऑपरेटर. घटकेघटकेला ते “झालं का?” असं विचारत. कंटाळून नागसेननेच त्यांना एक हिरवं बटण बसवून दिलं होतं. ते दाबलं की प्रोग्रामला सिग्नल जायचा. संगणकाच्या प्रणालीत असे दोन सिग्नल मोकळे सोडलेले असतात. त्यांचा अर्थ ज्याने त्याने ठरवायचा. नागसेनने एकाचा ठरवला: झालं का? उत्तर पडद्यावर उमटायचं.

फक्त हा अर्थ प्रोग्रामला आधी शिकवावा लागतो. न शिकवलेला सिग्नल आला की प्रोग्राम कुरकुर न करता जागीच मरतो. नागसेनने ती शिकवणी भट्टी तापल्यानंतरच्या ओळीत ठेवली होती. तापायच्या आधी कोण कशाला विचारेल, असं चिखलीच्या घरी पंख्याखाली बसून त्याला वाटलं होतं. सोपानराव तापायच्या आधीच विचारत. तापल्यावर विचारायचं काय उरतं?

नागसेनने ती ओळ उचलून सगळ्यात वर नेली. मान वर केली तर बर्नर पेटलेला.

“येळ जाया नको म्हून म्याच चालू केला,” सोपानराव म्हणाले.

म्हणजे दुरुस्तीआधीचा जुनाच प्रोग्राम. तो थांबवला तर भट्टी पुन्हा पहिल्यापासून, आणि साहेबांची गाडी गेटवर आलेली. नागसेनने हिरव्या बटणावर आपलं हेल्मेट पालथं घातलं आणि सोपानरावांना हात पाठीमागे बांधून उभं राहायला सांगितलं. ते राहिले.

साहेब आले. काटा चढत होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं, काट्याकडे पाहिलं, मग नागसेनकडे.

“झालं का?”

काटा खुणेला टेकल्यासारखा दिसत होता. साहेबांना अंदाजाने कसं सांगायचं? नागसेनने हेल्मेट उचललं, बटण दाबलं आणि सगळं

साहेबांनी शांतपणे विचारलं, “काय केलंत?”

“काही नाही सर,” नागसेन म्हणाला. “नुसतं विचारलं.”

सोपानरावांनी पाठीमागचे हात सोडले, हेल्मेट उचललं आणि बटणावर परत पालथं घातलं.