दार क्रमांक सहाशे एकतीस

दुपारी तीन वाजता टपालकाकांनी छापायचं बटण दाबलं आणि काहीही झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मग चष्मा पुसून दाबलं. पडद्यावर एक ओळ आली, की प्रिंटरशी संपर्क होत नाही. प्रिंटर टेबलावरच होता, हात लांब केला की लागेल एवढ्या अंतरावर.

"हा काय, इथेच तर बसलाय!" काका संगणकाला म्हणाले.

काम तसं चिमूटभरच होतं. एका गाण्याचे शब्द, मोठ्या अक्षरांत, एका पानावर. अशी बारा पानं. काकू शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि गेले तीन महिने आसपासच्या बारा ज्येष्ठांना जमवून त्यांच्याकडून एक गाणं बसवून घेत होत्या. आज पाच वाजता वाचनालयाच्या सभागृहात त्याचा कार्यक्रम. चाल काकूंची, आणि समोर उभं राहून हाताने गाणं चालवणार त्याही काकूच. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना स्टेजवर ढकलून त्या स्वतः पडद्याआड उभ्या राहिल्या होत्या. लोकांसमोर जायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे सकाळपासून चहाखेरीज त्यांच्या घशाखाली काही उतरलं नव्हतं.

"अहो, बाकी काही करू नका," निघताना त्यांनी बजावलं होतं. "फक्त बारा पानं छापा, या बारा फायलींत घाला आणि पाचच्या आत आणून द्या. कागदाशिवाय त्या मंडळींचं काही खरं नाही."

"चौतीस वर्षं दारोदार कागदच पोहोचवलेत मी," काका म्हणाले होते. पोस्टमन म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी अख्खी इमारत त्यांना टपालकाका म्हणायची ती त्यामुळेच.

सव्वातीनला त्यांनी जावयाला फोन लावला. जावई दुसऱ्या शहरात संगणकाचंच काम करायचा. काकांच्या आणि वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंच्या, दोन्ही घरचे संगणक त्यानेच लावून दिले होते.

"घाबरू नका बाबा," जावई म्हणाला. "प्रिंटरची व्यवस्था बघायचं एक पान असतं. ते उघडलं की काय अडलंय ते कळेल. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत पत्ता लिहा. लोकलहोस्ट, मग दोन टिंबं, मग सहाशे एकतीस."

पत्ता म्हटल्यावर काकांना जरा धीर आला. हा आपला प्रांत. त्यांनी पत्ता आधी चिठ्ठीवर लिहिला, मग पट्टीत लिहिला आणि वाट बघितली. पान उघडता येत नाही, असं उत्तर आलं.

"दार उघडत नाहीये," काकांनी कळवलं. "कोण राहतं तिथे?"

"कुणी राहत नाही बाबा. लोकलहोस्ट म्हणजे तुमचंच मशीन. सहाशे एकतीस हा त्याचा दार क्रमांक समजा."

"म्हणजे मी माझ्याच घरात बसून माझंच दार वाजवतोय?"

"हो, तसंच काहीसं."

"मग तुमच्या मशीनचा पत्ता काय?"

"तोच."

"आणि वकीलबाईंच्या?"

"त्यांचाही तोच. प्रत्येक मशीन स्वतःला तेच म्हणतं."

काका सुन्न झाले. "अहो जावईबापू, सगळ्या घरांना एकच पत्ता? मग टपाल वाटायचं कसं?"

"बाबा, माझी मीटिंग सुरू होतेय. पान उघडलं की जुनी अडकलेली कामं दिसतील, ती सगळी रद्द करा. मग होईल सुरळीत." आणि फोन बंद झाला.

काका चिठ्ठीकडे बघत बसले. दार बंद असेल तर आधी शेजारी चौकशी करायची, ही त्यांची चौतीस वर्षांची शिस्त. त्यांनी सहाशे तीस लिहून पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. सहाशे बत्तीस लिहिलं. तिथेही नव्हतं. सहाशे तेहेतीसपर्यंत जाऊन ते परत आले. अख्खी गल्लीच गावाला गेलेली दिसत होती.

मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एकाच पत्त्याची दोन घरं असली की टपाल हमखास दुसऱ्या घरात जाऊन पडतं. असं त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं, निस्तरलंही होतं. आपलं पान नक्की वर गेलं असणार! ते चिठ्ठी घेऊन जिना चढले.

वकीलबाई फोनवर कुणाला तरी झापत होत्या. काकांनी खुणेनेच विचारलं, त्यांनी खुणेनेच संगणक दाखवला आणि त्या बोलत बोलत गॅलरीत गेल्या. कोपऱ्यात त्यांचा प्रिंटर खडखडत कागद बाहेर टाकत होता. काकांनी पत्ता लिहिला आणि पान पटकन उघडलं. ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ काका मनात जावयाला म्हणाले. पानावर एक काम दिसत होतं, अर्धवट झालेलं. आता जावयाचा शब्द मोडायचा कसा? काकांनी ते रद्द केलं. खडखड थांबली.

वकीलबाई गॅलरीतून धावत आल्या. "काका, प्रिंटर का थांबला?"

"थांबला नाही, मी मोकळा केला. आमचं काम तुमच्याकडे अडकलं होतं."

"तुमचं? अहो, चौसष्ट पानांचा दावा आहे माझा! एकतीस पानं झाली होती!"

"पण पत्ता आमचा आहे," काकांनी चिठ्ठी पुढे केली.

दुसऱ्याच्या जागेवर हक्क सांगणारी पुष्कळ माणसं वकीलबाईंनी पाहिली होती, पण एवढ्या सरळ चेहऱ्याने कागद पुढे करणारा हा पहिलाच. त्यांनी चिठ्ठी वाचली, पडद्यावरची पट्टी वाचली, पुन्हा चिठ्ठी वाचली.

"पत्ता सारखाच आहे खरा," त्या गोंधळून म्हणाल्या. मग त्यांनी बत्तिसाव्या पानापासून छपाई पुन्हा लावली आणि त्या काकांना घेऊन खाली आल्या. काकांना मदत करावी हा हेतू होताच, पण ते पुन्हा वर येऊ नयेत हा मुख्य.

सव्वाचारला जावयाचा फोन आला. वकीलबाईंनी तो स्पीकरवर टाकला आणि उलटतपासणी सुरू केली.

"या मशीनला तुम्ही शेवटचा हात कधी लावलात?"

"गेल्या रविवारी. मशीन हळू चालतं असं बाबा म्हणाले, म्हणून इथूनच जरा साफसफाई केली."

"काय काय साफ केलंत?"

"काही बिनकामाच्या सेवा बंद केल्या. म्हणजे आत उगाचच चालू असणाऱ्या..." जावई थांबला.

"त्यात छपाईची होती?"

"असावी," पलीकडून बारीक आवाज आला.

काकांना एकदम सगळं उमगलं. "म्हणजे दारामागच्या माणसाला तुम्हीच रजेवर पाठवलंत आणि मला तासभर दार वाजवायला लावलंत!"

"सॉरी बाबा. आईंना सांगू नका."

जावयाने ती सेवा पुन्हा सुरू करायची एक ओळ सांगितली, वकीलबाईंनी ती संगणकात लिहिली आणि काकांनी पत्ता पुन्हा टाकला. पान उघडलं! आपल्या घरी, आपल्या पत्त्यावर! काकांना इतका आनंद झाला की त्यांनी वकीलबाईंना चहा विचारला. बाईंनी हात जोडले आणि त्या आपल्या दाव्याकडे पळाल्या.

"आता चाचणीचं एक पान काढून बघा," जावई म्हणाला. "ते आलं की गाणं छापा." आणि तोही सुटला.

काकांनी चाचणीचं बटण दाबलं. प्रिंटर आतल्या आत कुरकुरला, पण कागद काही आला नाही. आतून हालचाल ऐकू येत होती, म्हणजे माणूस घरात होता. अशा वेळी बेल वाजवत राहायची. काकांनी दाबलं, थांबले, दाबलं, घड्याळ बघितलं आणि पुन्हा पुन्हा दाबलं. साडेचार वाजून गेले तेव्हा त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी गाण्याच्या बारा प्रतींचा हुकूमही सोडून दिला. तेवढ्यात प्रिंटरला जाग आली. एकामागून एक पानं पालथी पडू लागली. काकांनी बारा मोजली आणि पालथीच उचलून फायलींत सरकवली. पोहोचवायचा कागद आपण वाचायचा नसतो, या नियमाने त्यांनी आयुष्य काढलं होतं. मागे प्रिंटर अजून चालूच होता. ती दुपारच्या दाबादाबीची पानं असतील, असं म्हणून ते चपला घालून धावत सुटले.

सभागृहात ते पोहोचले तेव्हा पाचला दोन मिनिटं होती. बाराही जण स्टेजवर उभे होते आणि काकू दाराकडे डोळे लावून होत्या.

"छापली?"

"बारा," काका धापा टाकत म्हणाले, आणि त्यांनी प्रत्येकाच्या हातात नेमकी त्याच्या नावाची फाइल दिली. मग ते तिसऱ्या रांगेत जाऊन बसले.

पडदा सरकला. काकू लोकांना नमस्कार करत असताना मागे बारा फायली एकदम उघडल्या. टोकाच्या निवृत्त ड्रायव्हरने मागची बाजू बघायला पान लोकांकडे उलटं केलं, मग सुलटं केलं. शेजारच्या नर्सबाईंनी त्याच्या फायलीत डोकावलं, त्याने त्यांच्या. पान उलटलं तेव्हा ते दिव्याच्या उजेडात काकांना तिसऱ्या रांगेतून स्वच्छ दिसलं होतं. त्यावर एक मोठं रंगीत वर्तुळ होतं, कडेला चार रेघा होत्या, आणि अक्षर म्हणाल तर फक्त प्रिंटरचं नाव. ते चाचणीचं पान होतं, आणि बाकीच्यांच्या चेहऱ्यांवरून त्यांच्याकडेही तेच असणार. काकांना उठून ओरडावंसं वाटलं, पण तोवर काकूंनी वळून हात वर केला होता. त्यांची पाठ लोकांकडे होती आणि फायलींत काय आहे ते त्यांना दिसत नव्हतं.

बारा घाबरलेले चेहरे वर झाले आणि काकूंच्या हातावर खिळले. हात खाली आला, बारा जणांनी एकदम श्वास घेतला, आणि गाणं सुरू झालं. ते शेवटपर्यंत चाललं. हात थांबला की सगळे थांबत होते, उचलला की सगळे उचलत होते. शेवटचा सूर बाराही जणांनी एकाच क्षणी सोडला. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. काका मात्र खुर्चीत बसूनच राहिले.

सगळं आटोपल्यावर काकू हातात एक फाइल घेऊन त्यांच्याकडे आल्या. डोळे भरलेले होते. काकांनी मान खाली घातली.

"तीन महिने घसा फोडतेय मी," काकू म्हणाल्या. "कागदात डोकं घालू नका, माझ्याकडे बघा. एकदा तरी बघितलं असेल कुणी तर शपथ. आणि आज बाराच्या बारा जण, एक नजर हलली नाही हो!" त्यांनी ते रंगीत वर्तुळ काकांसमोर धरलं. "मला न सांगता केलंत, तेही बरंच केलंत. मी मुळीच करू दिलं नसतं. पण हे तुम्हाला सुचलं कसं?"

चुकून आपल्या घरी आलेलं टपाल ठेवून घ्यायचं नसतं, हे काकांइतकं कुणाला माहीत असणार? त्यांनी खरं सांगायला तोंड उघडलं. पण इतक्या वर्षांत काकूंना एवढं खूश त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"सुचलं आपलं," काका म्हणाले.