नीतूचं राज्य कोणतं?

खिडकीतून नीतूचा प्रवेशअर्ज परत आला तेव्हा त्यावर लाल शाईनं 'परराज्य' असं लिहिलेलं होतं. ते वाचून कुंजीलाल बिसेनचं डोकंच फिरलं. नागऱ्याजवळच्या त्याच्या घरापासून गोंदियातलं हे नर्सिंग कॉलेज मोटरसायकलनं वीस मिनिटांवर, आणि या बाबूनं त्याच्या पोरीला उचलून थेट दुसऱ्या राज्यात नेऊन बसवलं होतं!

"काऊन जी? आमी का लंडनवरून आलो?"

खिडकीतले इंद्रकुमार बाबू शांत होते. "जन्मदाखला देखो ना काका. जिल्हा बालाघाट, मध्यप्रदेश. राज्यातल्या पोरींले फी ऐंशी हजार, बाहेरच्यांले एक लाख वीस. पण आयका तं..."

आयकतो कोण! घरात धानाचे बासष्ट हजार होते. ऐंशी कसे जमवायचे हेच ठरलं नव्हतं आणि हा एक लाख वीस म्हणतो! नीतूला मागं बसवून कुंजीलालनं गाडी थेट बाघ नदीच्या पुलापलीकडं, मध्यप्रदेशात हाणली. जन्म तिकडचा म्हणता ना, तर तिकडच्याच कॉलेजात घालतो! तिथल्या बाबूनं राशनकार्ड पाहिलं आणि मान हलवली. "ये तो महाराष्ट्र का है भैया. बाहरवाली फीस लगेगी."

म्हणजे पोरगी पुलाच्या या टोकाला परकी आणि त्या टोकालाही परकी. सरकारनं तिला काय पुलावर राहायला सांगितलं होतं? घरी आल्या आल्या हा सगळा राग बायकोवर, चमेलीवर निघाला. ती अंगणात तांदूळ पाखडत होती.

"तुया बालाघाटच्या माहेरानं माया पोट्टीचं वाटोळं केलं!"

"माया माहेरानं?" चमेलीनं सूप खाली ठेवलं. "पहिलं बाळंतपण माहेरीच, हे कोन म्हनत होतं? तुमची माय! मी तं गोंदियाच्या दवाखान्यात जातो म्हनत होती. तुमीच मले गाडीत बसवून देलं, वरून लाडूचा डबा देला."

हे खरं होतं, म्हणून कुंजीलाल आणखीच भडकला. त्यानं तीन दिवस वावरातल्या पऱ्ह्याकडं, भाताच्या रोपांकडं ढुंकून पाहिलं नाही. तलाठ्याकडून रहिवासी दाखला काढला, शाळेतून टीसी आणली, अंगणवाडीत काम करणाऱ्या, शेजारच्या मुन्नालालच्या बायकोकडून लसीची नोंद लिहून घेतली. नागऱ्याच्या जत्रेत बापाच्या खांद्यावर बसलेल्या तीन वर्षांच्या नीतूचा फोटोही थैलीत टाकला.

शेवटच्या तारखेला त्यानं ती थैली खिडकीत उपडी केली. "पाहा! अठरा वर्ष माया वावरातला भात खाऊन राहिली, अन तुमी तिले परकी म्हनता? लाज वाटते का नाही?"

"बराबर बोल रहे काका," मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं. कुंजीलालला दहा हत्तींचं बळ आलं. त्यानं टेबलावर अशी थाप मारली की बाबूचा चहा सांडला.

इंद्रकुमार बाबूंनी एकेक कागद वाचला आणि 'परराज्य' खोडून 'राज्यातील' लिहिलं. "झालं काका, जीत गये. ऐंशी हजार भरा."

"आता कसं!"

"फक्त परराज्यातल्या मुलींले संस्था अर्धी फी माफ करते, ते आता नाही भेटनार. त्यात साठ हजार पडले असते. त्या दिवशी तेच सांगून राहिलो होतो, तं तुमी गाडीले किक मारली."

कुंजीलालचा हात हवेतच राहिला. "परक्यांले साठ, अन घरच्या पोरीले ऐंशी? हा कोनता न्याय होय बे?"

"तुमचे कागद वापस घेऊन टाका. जन्मदाखल्यावर अर्ज चालते. झूठ काही नाही त्यात."

"वीस हजारासाठी माया पोट्टीले परकी म्हनू? जमनार नाही!"

नीतूनं पुढं होऊन कागद गोळा केले. "बाबा, माया लग्नाची गोष्ट निघाली का तुमी सारेच म्हनता, पोरगी परक्या घरची. तेव्हा फुकटात म्हनता. आता अर्धी फी माफ होऊन राहिली, तं म्हना ना!"

रांग हसली. कुंजीलालनं खिशातून पैसे काढले. खाली मान घालून त्यानं साठ हजार मोजले आणि खिडकीत सरकवले. बाबूंनी पुन्हा लाल पेन उचललं, तसा तो हळूच म्हणाला, "परराज्य लिहा जी. परकी नका लिहू."