दुमडलेला कोपरा

चिठ्ठीचा कोपरा जेमतेम दोन मिलिमीटर दुमडलेला होता. बोटाला कळेल, डोळ्याला कळणार नाही, इतकाच.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी दर आठवड्याला सोडत काढून जोड्या लागत. खिडकीकडच्या बाराजणांच्या चिठ्ठ्या खडूच्या डब्यात. भिंतीकडच्या बाराजणांनी एकेक उचलायची. चिठ्ठ्या दर वेळी त्याच. डबा फिरवायचा मौनीने. वर्षभरात तो शंभर शब्दही बोलला नसेल. कोपरा दुमडलेली चिठ्ठी त्याची. तो दुमडायची भिंतीकडची मोजपट्टी. सगळं मोजूनमापून करते म्हणून वर्गाने तिचं नावच तसं ठेवलं होतं.

त्याच्या शेजारचे ते दोन तास तिला आठवडाभर पुरत. खरं तर पुरत नसत. तो साताला मधे आडवी रेघ द्यायचा. हल्ली तीही देऊ लागली होती.

"सांगून टाक ना एकदाचं," मैत्रीण म्हणे.

"अजून थोडी माहिती जमू दे."

"दीड वर्ष जमवतेयस. प्रबंध लिहिणारेस का त्याच्यावर?"

सहाव्या आठवड्यात मॅडमनी जोड्यांची वही उघडली. "आज आपल्याच सोडतीची परीक्षा घेऊ. ही जोडी सलग पाच वेळा लागलीय. ये गं, तूच ये फळ्याकडे. सोडत प्रामाणिक आहे असं धर. शक्यता किती?"

मोजपट्टीच्या हातातला खडू घामाने ओला झाला. "दोन लाख अठ्ठेचाळीस हजार आठशे बत्तीसात एक."

"अगं बाई!" मागून कोणीतरी ओरडलं. वर्ग खिदळला.

"मग?"

"कोपरा मी दुमडला होता, मॅडम."

"छान. आता ते धरून मांड. तुझा नंबर सातवा. आधीचे सहाजण न बघता उचलतात. तुझ्यापर्यंत ती चिठ्ठी डब्यात उरेल?"

"निम्म्या वेळा."

"पाचही आठवडे?"

"बत्तीसात एक." ती थबकली. लबाडी करूनही गणित जुळत नव्हतं. "म्हणजे... अजून कोणीतरी..."

बावीस माना डबा फिरवणाऱ्याकडे वळल्या. मौनी उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"तुझा नंबर येईपर्यंत मी ती मुठीत धरायचो," तो म्हणाला. "मग हळूच टाकायचो. तू नेमकी तीच कशी उचलतेस, ते मात्र कळायचं नाही. नशीब म्हणायचो."

"आता निष्कर्ष," मॅडम म्हणाल्या आणि खुर्चीत टेकल्या.

मोजपट्टीने खडू खाली ठेवला.

"मला तू आवडतोस," ती त्याला म्हणाली. "पहिल्या सेमिस्टरपासून."