हार्लन कोपर जपतो

हार्लन फायफरने ठरवलं, की आपण आपलं कोपर दुखू द्यायचं नाही. बस्स, एवढंच. घर विकायचं, बायको सोडायची, असलं काही त्याने ठरवलं नव्हतं. पण रिटायर झालेल्या माणसाने काही ठरवलं, की त्याचा उपद्रव साऱ्या वस्तीला होतो.

ही वस्ती ॲरिझोनातली, सगळी पेन्शनीत निघालेल्यांची. सकाळ झाली, की गोल्फच्या गाड्यांतून सगळे निघाले पिकलबॉलला. छोटी बॅट, भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू आणि आपण अजून चाळिशीतच आहोत हा गैरसमज, एवढ्या भांडवलावर हा खेळ चालतो. त्यामुळे कोपराला पट्टा नसलेला माणूस दिसला, की तो कालच राहायला आला असणार हे सगळे ओळखत.

हार्लनचा जन्म गेला नेब्रास्कातल्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून. 'हेल्मेट घाला' हे वाक्य तो झोपेतही बोलायचा. (त्याची बायको मार्लिस शपथेवर सांगेल.) आता हेल्मेटं संपली होती आणि कोपरं सापडली होती. त्याने पुस्तकं आणली, हाडांचे तक्ते आणले आणि डोक्यावरचा चेंडू मारायला हात वर केलेल्या माणसाला तसाच थांबवून तो शिकवू लागला.

"दुखतं कोपर, पण गुन्हा असतो मनगटाचा! मनगट मागे वळवणारे स्नायू येऊन चिकटतात ते इथे, कोपराच्या बाहेरच्या हाडाला. तुम्ही बॅट आवळता, मनगट झटकता, आणि इथे ओढ बसते. मूठ सैल धरा! मनगट सरळ ठेवा!"

"हार्लन, हात खाली करू का आता? मुंग्या आल्या," तो माणूस म्हणायचा.

खरी गोम पुढेच आहे. वस्तीची मिक्स्ड डबल्सची स्पर्धा तोंडावर आली होती. दरवर्षी ती जिंकायची मार्लिसची धाकटी बहीण अर्लीन आणि तिचा नवरा. त्यांचा फोटो क्लबात कॉफीच्या यंत्रावरच टांगलेला. त्या फोटोखाली उभं राहायला नको, म्हणून मार्लिसने क्लबातली कॉफीच सोडली होती. यंदा जिंकायचंच, असं ती दात घासतानाही म्हणत होती. आणि तिचा जोडीदार कोण? हार्लन.

हार्लनला फोटोबिटोचं काही पडलेलं नव्हतं. पण कोर्टवर मार्लिसच्या शेजारी उभं राहणं त्याला फार आवडायचं. घरात त्याच्या वाट्याला 'पाय पूस' आणि 'टीव्ही बारीक कर' याखेरीज काही येत नसे. कोर्टवर मात्र कधीमधी एखादं 'शाब्बास' पदरात पडायचं. त्या शाब्बासकीसाठी तो जीव टाकत होता. आणि भीती होती ती ऑर्व्हिलची. ऑर्व्हिल नवा विधुर, सव्वासहा फूट उंच आणि बॅकहँड असा, की बघणाऱ्या बायका टाळ्या वाजवायच्या विसरत. आपलं कोपर गेलं, की आपल्या जागी ऑर्व्हिल येणार, हे हार्लनला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून त्याने व्यायाम वाढवला. नाश्त्याला डंबेल, टीव्हीपुढे रबरी दांडा पिळणं, सिग्नलला गाडी थांबली की मनगट वर, मनगट खाली. पुस्तकात लिहिलं होतं, वजन हळूहळू वाढवा. हार्लनने ते वाचलं, खाली रेघही मारली आणि दुप्पट वजन आणलं.

एका सकाळी कॉफीचा मग उचलताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ आली, की बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं रे?" मार्लिसने विचारलं.

"कॉफी गरम आहे."

"अजून मी ओतलीच नाहीये!"

खिळे आणायला जातो असं सांगून तो शेजारच्या गावातल्या फिजिओथेरपिस्टकडे गेला. येसेनिया नावाची हसतमुख मुलगी होती. तिने कोपराच्या हाडावर बोट दाबलं आणि हार्लन खुर्चीतून उठून परत बसला.

"टेनिस एल्बो. किती खेळता?"

"आठवड्यातून दोनदा. तासभर."

"तेवढ्याने एवढं होत नाही. आणखी काय करता?"

"हे होऊ नये म्हणून व्यायाम करतो."

"किती?"

हार्लनने सांगितलं. येसेनियाने पेन खाली ठेवलं. "मिस्टर फायफर, दुखणं टाळता टाळता दुखणं आणलेला पेशंट मी पहिल्यांदाच बघतेय. खेळ बंद, डंबेल बंद. नुसता हलका व्यायाम, तोही मी सांगेन तेवढाच."

पण बंद कसं करणार? हार्लनने थापा मारायला सुरुवात केली. तो डाव्या हाताने जेवू लागला. ("मेंदूला बरं असतं!") मार्लिसने बरणी उघडायला दिली, तर बरणीपासून मनगटाला होणाऱ्या धोक्यांवर त्याने असं व्याख्यान झोडलं, की तिने गुपचूप लोणच्याशिवाय सँडविच खाल्लं. आणि कोर्टवर चेंडू आला रे आला, की हा ओरडायचा, "तुझा!" मार्लिस डावीकडे पळायची, उजवीकडे पळायची. "अरे, हा तरी तुझा होता ना मेल्या!" ती धापा टाकत म्हणायची. शाब्बासकी तर लांबच राहिली.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी क्लबात जेवण होतं, ज्याने त्याने घरून काहीतरी करून आणायचं असं. अर्लीन ओव्हनमध्ये केलेलं बटाट्या-मटणाचं भलंमोठं काचेचं भांडं घेऊन आली, तीही हात लांब करून, तळवे खाली.

हार्लनमधला सुरक्षा अधिकारी जागा झाला. "थांब! असं उचलतात का? तळवे वर, कोपर अंगाशी, वजन दोन्ही हातांवर! आण इकडे, दाखवतो."

त्याने भांडं घेतलं. तळवे वर होते. कोपरही अंगाशी होतं. सगळं अगदी पुस्तकातल्यासारखं होतं, फक्त कोपर शिल्लक नव्हतं. उजवा हात गळाला आणि अख्खं जेवण अर्लीनच्या पांढऱ्याशुभ्र बुटांवर.

"अगं मार्लिस, तुझ्या नवऱ्याला मी विष घातलं होतं का त्यात?" अर्लीन किंचाळली.

सगळा क्लब गोळा झाला. हार्लनच्या तोंडून एकदाचं खरं बाहेर पडलं. "माझं कोपर गेलंय, मार्लिस. कधीच गेलंय. मला तुझ्याबरोबर खेळायचं होतं गं, म्हणून नाही बोललो. आता उद्याचं कसं करणार तू?"

मार्लिसने त्याला डाव्या हाताला धरून बाहेर गाडीशी नेलं. तिचे डोळे भरून आले होते. हार्लनला वाटलं, आपल्या त्यागाने तिला पाझर फुटला.

"बरं झालं बाई!" ती म्हणाली आणि सीटखालून तिने एक पिशवी काढली. आत दोन नवे निळे टीशर्ट होते. एक तिच्या मापाचा. दुसऱ्यात हार्लन सहज दोनदा मावला असता.

"हा माझा?"

"ऑर्व्हिलचा. नाताळातच ठरलंय आमचं. तुला कसं सांगू, याच काळजीत होते रे. उद्या सकाळी तुझे बूट लपवणार होते मी!"

"पण मी इतका वाईट खेळतो?"

"तू खेळतच नाहीस, हार्लन. चेंडू येतो तेव्हा तू समोरच्याचं कोपर बघत असतोस."

हार्लनने तो टीशर्ट घडी घालून परत पिशवीत ठेवला. रडायचं तरी कुणापुढे? शेवटी उसनं अवसान आणून तो म्हणाला, "ठीक आहे. निदान काही मदत तरी करू दे. सांग, काय करू?"

मार्लिसने त्याच्या दुखऱ्या कोपरावर अगदी मायेने हात ठेवला.

"एकच कर राजा. उद्या मॅच संपेपर्यंत ऑर्व्हिलला व्यायाम शिकवू नकोस."