गबाजीअण्णांची लाल चिकटपट्टी

गबाजीअण्णा बाणाला कान लावतात. दोन्ही टोकं धरून बाण जरासा वाकवायचा, कानाजवळ न्यायचा, फिरवायचा, पुन्हा वाकवायचा. डोळे मिटलेले. "आवाज हाय का त्यात, ते बगतुया. जरा गप ऱ्हावा." हे आम्हाला. आम्ही म्हणजे चिंचवडच्या मैदानावर रोज सकाळी जमणारे तिरंदाज आणि त्यांना सोडायला आलेले माझ्यासारखे नवरे.

माझ्या बायकोनं, सुनंदानं, पन्नाशीत धनुष्य हातात घेतलं. त्याचं मला कौतुकच आहे. पण तिच्या बाणांवर अण्णांचा शब्द चालतो, ते मला सहन होत नाही. सरळच सांगतो, मी जळतो. गॅसचा पाइप बदलायला झालाय, एवढं पटवायला मला चार महिने लागले होते. अण्णा नुसते "होल्ड" म्हणाले की ही बाण खाली ठेवते.

अण्णा चाकणच्या एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होते. रिटायर झाले ते कंपनीतून, तपासणीतून नाही. खिशात कापूस, भिंग आणि नापास मालाला लावायची लाल चिकटपट्टी कायम. कापूस बाणावरून फिरवायचा; तंतू अडकला की तिथं चीर. चिरलेला बाण सोडताना फुटतो आणि त्याची कुसळं धनुष्य धरलेल्या हातात घुसतात, हे ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवतात. माझ्या पुतण्याच्या साखरपुड्याला बोलावलं, तर तिथं त्यांनी एका प्लॅस्टिकच्या खुर्चीला लाल पट्टी लावली. मुलीकडचे काका नेमके तिथंच बसणार होते. ते बिचारे उभ्यानं जेवले आणि सुनंदा मला म्हणाली, "बघा, किती काळजी घेतात अण्णा."

तिच्या वाढदिवसाला मी डझनभर कार्बनचे बाण आणले. महिनाभरानं अण्णांनी त्यातल्या एकाला पट्टी लावली. मी भिंगातून पाहिलं, मला काही दिसेना.

"हाय, बारीक हाय," अण्णा म्हणाले.

सुनंदानं तो बाण मुकाट्यानं घरी आणून कपाटावर ठेवला. बाण मी आणलेला, आणि मला विचारलंसुद्धा नाही. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मी पट्टी सोलली, तिच्या भात्यातला एक चांगला बाण काढला आणि त्या जागी हा घातला. ही तो मजेत मारेल, मग सगळ्यांसमोर अण्णांना तोंडघशी पाडायचं, असा बेत होता.

मैदानावर अण्णांनी रोजच्यासारखा एकेक बाण हातात घेतला. त्या बाणावर कापूस अडकला. त्यांनी बोट फिरवलं. पट्टीचा चिकटा लागला असावा. मग बाण कानाशी नेऊन वाकवला. कर्र. या खेपेला मलाही ऐकू आलं.

अण्णांनी सुनंदाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. हा बाण आज तिच्या हातातून सुटला असता.

ती पाठमोरी धनुष्याला दोरी चढवत होती. अण्णांनी बाण खाली टाकला, त्याच्यावर बूट ठेवला आणि मोडला.

"ताई, चुकून पाय पडला माझा."

सुनंदा भडकली. "अण्णा, लक्ष कुठं असतं तुमचं? ह्यांनी हौसेनं आणले होते. जगाला शिकवता आणि स्वतः खाली बघून चालत नाही?"

अख्खं मैदान बघत होतं. ज्यांनी जन्मात कुणाचा माल चुकीचा पास केला नाही, ते अण्णा मान खाली घालून उभे होते. "व्हय ताई. चुकलंच माझं." मला तोंड उघडायचं धाडस झालं नाही, याची लाज अजून वाटते.

नंतर टपरीवर मी चहाचा ग्लास त्यांच्या हातात दिला. "अण्णा, मी तिला खरं सांगतो."

"नगा सांगू. पुन्यांदा आसं केलंत तर मातुर तुमास्नीच पट्टी लावीन." मग त्यांनी चहाचा एक घोट घेतला. "आमची मंडळी गेल्याला सा वर्सं झाली. तवापासनं मला कुणी आसं रागावलंच न्हाई बगा. लई बरं वाटलं."

ग्लास ठेवताना त्यांनी हळूच विचारलं, "उद्या येतील न्हवं ताई?"