तीन किलो लाकडांची खीर

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दुपारी चार वाजता, पेडगावच्या आमच्या विहाराच्या अंगणात हे होतं: सव्वाशे लिटरचं जर्मलचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं एक, तीन दगडांची चूल एक, तांदूळ आठ किलो, साखर दहा किलो, वेलदोड्याची पुडी एक, माझ्या उंचीचं उलथणं एक आणि जळणाच्या चार-चार किलोंच्या मोळ्या अकरा. मोळ्या मी दोनदा मोजल्या. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलंय. आमच्यात एकदा मोजणं म्हणजे न मोजणंच!

"मावशी, अकरा कशाला?" मी विचारलं.

कुसुममावशी आमच्या शेजारची. बावीस वर्षं पौर्णिमेची खीर तिच्याच हातची. बावीस वर्षांत एकदाही दूध नासलेलं नाही. वैशाखात, परभणी जिल्ह्यात, बेचाळीस अंशांत! या विक्रमाची कुठं नोंद नाही, म्हणून मी इथं करून ठेवते.

"अकरा लागत्यात म्हणून," मावशी म्हणाली.

"हे उत्तर नाही झालं."

"मग तूच काढ उत्तर. उगं शिकलीस का?"

झालं! मी फोन काढला. ऊर्जेच्या एककांचं रूपांतर करून देणारं एक ऑनलाइन कॅल्क्युलेटर आहे. त्याच्याइतकं निर्मळ काही मी जगात पाहिलेलं नाही. डावीकडं एकक निवडा, उजवीकडं एकक निवडा, मध्ये आकडा टाका. ना घासाघीस, ना "बघू, सांगतो". त्या यादीत ज्यूल, कॅलरी, किलोवॅट-तास, अर्ग, बीटीयू सगळं आहे. टन टीएनटीसुद्धा आहे! म्हणजे बॉम्बवर खीर शिजवायची असती तर चोख सोय होती. फक्त मोळी नव्हती. एवढं एक न्यून.

हिशेब सोपा होता. साठ लिटर दूध, वीस लिटर पाणी, मिळून ऐंशी किलो धरा. तीस अंशांपासून अठ्ठ्याण्णव अंशांपर्यंत न्यायचं. पाच हजार चारशे चाळीस किलोकॅलरी. कॅल्क्युलेटरनं डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगितलं: २२७६०.९६ किलोज्यूल. एक किलो सुकं लाकूड सोळा हजार किलोज्यूल देतं. म्हणजे लाकूड लागणार १.४२२५६० किलो. मी मनानं उदार आहे, म्हणून दुप्पट केलं. २.८४५१२०. आणि वर आणखी उदार होऊन तीन!

सितारामकाका विहार समितीचे अध्यक्ष. निवृत्त कारकून. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, फोन जवळ धरला आणि एकदम गंभीर झाले.

"दशांशापुढं सहा आकडे! कुसुम, बँकेत सुदिक दोनच असतात!"

"मग बँकेतच शिजवा खीर," मावशी म्हणाली.

पण काका सहा आकड्यांनी पुरते घायाळ झाले होते. तेवढ्यात टेम्पोवाला बालाजी आला. त्याच्या बहिणीचं गंगाखेडला दुसऱ्या दिवशी लग्न आणि तिथं आचाऱ्याला जळण कमी पडलेलं. काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी शास्त्रज्ञासारखी मान हलवली. पाच मिनिटांत दहा मोळ्या टेम्पोत! अकरावीतून मी तीन किलो तोलून ठेवलं आणि उरलेलंही बालाजीलाच दिलं. अर्धवट पुरावा मागं ठेवायची मला सवय नाही.

मावशी टेम्पोमागची धूळ खाली बसेपर्यंत बघत राहिली.

सकाळी आठला दूध आलं. वस्तीतल्या वीस घरांचं, घरटी तीन लिटर. अकराला वंदना संपणार आणि तीनशे माणूस खिरीला बसणार. मावशीनं चूल पेटवली. मी लॅबमधला थर्मामीटर दोरीनं बांधून पातेल्यात सोडला. तेहतीस. अडतीस. बेचाळीस. मी मोठ्यानं वाचत होते. काका मान डोलवत होते, जणू कुणी भजन म्हणतंय! पंचेचाळीस. सेहेचाळीस. सत्तेचाळीस...

सत्तेचाळीस.

अजूनही सत्तेचाळीस.

मी खाली वाकून पाहिलं. चुलीत राख होती. सुरेख, पांढरी, एकसारखी राख.

मावशीनं दुधात बोट बुडवलं. "धम्मशीले, खीर करायलीस का दही लावायलीस?"

कोमट दूध, वर बेचाळीस अंशांकडं चढणारं ऊन. विरजणाला याहून सुखाची जागा पृथ्वीवर नाही! साठ लिटर दूध, वीस घरं आणि मावशीची बावीस वर्षं त्या पातेल्यात तरंगत होती.

"कॅल्क्युलेटर चुकू शकत नाही," मी म्हणाले. माझा आवाज मात्र मांजराच्या पिल्लासारखा आला.

"त्यो न्हाई चुकला. इकडं ये." मावशीनं मला धरून चुलीजवळ उभं केलं. राखेखालचे निखारे अजून धगधगत होते. "झळ लागायली का?"

"लय लागायली!"

"मंग ती पातेल्याला न्हाई लागायली. तुला लागायली. मला लागायली, भिंतीला लागायली, ह्या वाऱ्याला लागायली. आमाला धरलं हुतंस का हिशेबात?"

नव्हतं धरलं. मी सगळंच्या सगळं लाकूड थेट दुधात घातलं होतं. चुलीची कार्यक्षमता शंभर टक्के! एम.एस्सी., पहिला वर्ग!

सितारामकाकांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. "ते सहा आकडे हायेत न्हवं? त्यातला एखादा जळतो का बघ."

आणि ते माईककडं धावले. त्यांनी शांतपणे घोषणा केली असती तर पुढचं काही झालं नसतं. पण काका घाबरले की सरकारी भाषेत बोलतात. "सर्व उपासक-उपासिकांना सूचित करण्यात येते की, आपापल्या घरातील उपलब्ध लाकूड विनाविलंब विहारात जमा करावे!"

जमा झालं! खुर्चीचे पाय तीन. फुटकं लाटणं एक. बाजेचा गात, म्हणजे चौकटीचा लांब दांडा, एक. क्रिकेटची बॅट एक, तिच्यामागं रडत आलेला तिचा मालक एक. बॅट आम्ही परत दिली. दोघेजण चक्क आंब्याच्या झाडाचं मोजमाप करायला लागले होते, त्यांना आवरलं. शेवटी लक्ष्मीबाई आल्या. वय पंच्याऐंशी. त्यांनी हातातली काठीच माझ्यापुढं धरली.

"घे माय. पर उकळी आली की माघारी दे."

मी त्यांना काठीसकट सावलीत बसवलं.

नऊ वाजून चाळीस मिनिटं. लाटणं जळून गेलं, खुर्ची जळून गेली, दूध बावन्नवर. मावशीनं पदर खोचला, ओठ घट्ट मिटले. तिला घाबरलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली आणि मला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

इतक्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. ओढ्यापलीकडचे मुंजाजीमामा ट्रॉलीभर तुराट्या, म्हणजे तुरीची वाळकी खोडं, घेऊन अंगणात शिरत होते.

"शेतात ऐकू आलं. सितारामा, काय विनाविलंब म्हनतुयास? दूध नासायलंय, असं सरळ सांगावं की!"

"मामा, तुराटी भडकते आणि विझते," मी म्हणाले. मला अजून अक्कल होती, याचा मलाच धक्का बसला.

"भडकणाऱ्याला कसं वागवायचं ते कुसुमबाईला इचार," मामा म्हणाले. "तिनं सितारामला समितीवर बावीस वर्सं चालवलंय!"

आणि मग मी जे पाहिलं ते कुठल्याच प्रयोगशाळेत पाहिलं नव्हतं. मावशीनं वाऱ्याच्या बाजूला पत्रा उभा केला. दगडांमधल्या फटी ओल्या मातीनं लिंपल्या. जाळ पातेल्याच्या बाहेर एक बोटभरही येईना. मला चुलीच्या तोंडाशी बसवलं.

"मी म्हनंन तवा मूठभर. जास्त न्हाई, कमी न्हाई."

"मूठभर म्हणजे किती ग्रॅम?"

"धम्मशीले!"

"बरं, मूठभर."

मी मूठ घालत होते, ती उलथणं फिरवत होती. थर्मामीटरकडं तिचं लक्षच नव्हतं. ती कान लावून ऐकत होती! "आता खाली गुणगुणायलंय," ती म्हणाली. मी पाहिलं: एकाहत्तर. "आता कडंनं फुटंल." एकोणनव्वद. फुटलं! "आता हात आवर." मी आवरला. चौऱ्याण्णव, पंच्याण्णव. साय फुगून काठाला आली, तिनं पातेल्यात नुसतं एक पळी गार पाणी टाकलं आणि साय समजूतदार माणसासारखी खाली बसली. मग तांदूळ पडले, शिजले, साखर विरघळली, वेलदोड्याची पुडी सुटली. माझी उजवी भुवई जळाली, पण मी नजर काढली नाही. बाईच्या कानात थर्मामीटर होता, मनगटात तराजू होता आणि त्यातल्या कशालाच चार्जिंग लागत नव्हतं!

वंदना संपली तेव्हा दहा वाजून बावन्न मिनिटं झाली होती. मावशीनं खिरीचा थेंब तळहातावर घेतला, चाटला आणि काकांकडं पाहून मान हलवली. काकांनी माईक घेतला.

"सर्वांना सूचित करण्यात येते..."

"काका!" मी ओरडले.

"...की खीर झाली, या!"

पंगत उठल्यावर सगळं आवरलं. मामांच्या ट्रॉलीतल्या पेंढ्या मी येताना मोजल्या होत्या, जाताना पुन्हा मोजल्या. एका पेंढीचं वजन घेतलं. त्यात खुर्चीचे पाय, लाटणं, बाजेचा गात आणि माझं तीन किलो मिळवलं. मग वहीत लिहिलं.

वाटलेल्या वाट्या, तीनशे अठरा. नासलेलं दूध, शून्य लिटर. जळालेलं सरपण, चव्वेचाळीस किलो सहाशे ग्रॅम, म्हणजे मोळ्या अकरा.